पोथीतले अंजन आणि प्रयोगशाळेतील परीक्षा

वनस्पतींचे अर्क काढून ते रोगजंतूंना मारतात की नाही हे पाहणे, हे काम वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र या तीन शाखांचे मानले जाते. भाषा आणि साहित्य शिकवणाऱ्यांचा त्याच्याशी काही संबंध पोहोचतो, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. जुन्या ग्रंथातले औषध वैद्याचे किंवा वैज्ञानिकाचे आणि ग्रंथाची भाषा तेवढी आमची, अशी वाटणी आपण मनोमन करून टाकलेली असते. ही वाटणी टिकणारी नाही, असे आमचे मत आहे. औषधाची कृती सांगणारा मजकूर हाही अखेर एक पाठ असतो. त्यात शब्द असतात, शब्दांना अर्थच्छटा असतात, क्रियापदांना नेमकेपणा असतो आणि लिहिणारा व वाचणारा यांच्यामध्ये शतकांचे अंतर असते. हा पाठ निश्चित झाल्याशिवाय प्रयोगशाळेत नक्की काय तपासायचे हेच ठरत नाही. हे म्हणणे एका प्रत्यक्ष घडलेल्या हकीकतीच्या आधाराने येथे मांडायचे आहे. ती हकीकत इंग्लंडातील आहे आणि तिच्या मुळाशी जुन्या इंग्रजी भाषेतील एक पोथी आहे.

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत दहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास लिहिलेले एक हस्तलिखित आहे. ते 'बाल्ड्स लीचबुक' या नावाने ओळखले जाते. आजच्या इंग्रजीत 'लीच' म्हणजे जळू. त्यामुळे जळवा लावून रक्त काढण्याचे हे पुस्तक असावे, असा समज प्रथम होतो. पण जुन्या इंग्रजीत ज्या शब्दापासून हे नाव आले, त्याचा अर्थ वैद्य असाही होता. म्हणजे हे 'वैद्याचे पुस्तक'. ग्रंथाच्या शीर्षकापासूनच वाचकाला कोश उघडावा लागतो, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. दुसऱ्या भागाच्या अखेरीस लॅटिनमध्ये एक छोटे पद्य येते. हे पुस्तक बाल्ड नावाच्या कोणाचे आहे आणि त्याने ते चिल्ड नावाच्या कोणाकडून लिहवून घेतले, एवढे त्यातून कळते. चिल्डने ते रचले, संकलित केले की नुसते उतरवून घेतले, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही, कारण त्या लॅटिन क्रियापदाचे हे सारेच अर्थ होऊ शकतात. आपल्याकडच्या पोथ्यांच्या अखेरीस येणाऱ्या लेखनिकांच्या पुष्पिकांशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना हा घोटाळा नवा वाटणार नाही.

हे पुस्तक आधुनिक वाचकांपुढे आणले ते ऑस्वाल्ड कॉकेन यांनी. ते लंडनच्या किंग्ज कॉलेज स्कूलमध्ये शिक्षक होते. १८६४ ते १८६६ या काळात त्यांनी अँग्लो-सॅक्सन वैद्यकाच्या मजकुराचे तीन खंड मूळ पाठ आणि इंग्रजी भाषांतर यांसह प्रसिद्ध केले. त्या काळच्या विद्वानांना या मजकुरात रस होता तो भाषेच्या इतिहासासाठी, झाडांच्या जुन्या नावांसाठी आणि लोकसमजुतींसाठी. त्यातील औषधे खरोखर उपयोगी असतील असे फारसे कोणी मानत नव्हते. पुढे विसाव्या शतकात वैद्यकाचे इतिहासकार चार्ल्स सिंगर यांच्यासारख्यांनी तर हे सारे वैद्यक म्हणजे ग्रीक-रोमन ज्ञानाचा उरलासुरला, विटलेला अंश आहे, अशा आशयाची भूमिका घेतली. तिला काही आधार नव्हता असे म्हणता येत नाही. याच वैद्यकात पऱ्यांसारख्या अदृश्य प्राण्यांनी मारलेल्या बाणांमुळे होणाऱ्या दुखण्यांवर उपाय आहेत, मंत्र आहेत, रक्त केव्हा काढावे आणि केव्हा काढू नये याचे शुभाशुभ दिवस आहेत.

या सर्व मजकुराच्या मध्ये, पहिल्या भागातील डोळ्यांच्या विकारांच्या प्रकरणात, एका अंजनाची कृती आहे. तिचा आशय असा : पापणीवर गाठ आली असता 'क्रॉपलेआक' आणि लसूण समभाग घ्यावेत आणि एकत्र चांगले कुटावेत. वाइन आणि बैलाचे पित्त समभाग घेऊन त्यात मिसळावे. हे मिश्रण पितळेच्या भांड्यात नऊ रात्री ठेवावे. मग कापडातून पिळून, नितळ करून शिंगात भरावे आणि रात्रीच्या वेळी पिसाने डोळ्याला लावावे. हे औषध उत्तमांपैकी उत्तम असल्याची ग्वाही शेवटी दिली आहे. अशी ग्वाही वैद्यकाच्या जुन्या पुस्तकांत पावलोपावली आढळते. तेवढ्यावरून कोणी विश्वास ठेवावा असे नाही.

आता हा मजकूर वाचणाऱ्यापुढे कोणते प्रश्न उभे राहतात ते पाहू. पहिला प्रश्न रोगाचा. गाठ म्हणजे कोणती गाठ? मूळ शब्दाचा अर्थ गाठ किंवा उठाणू एवढाच आहे. डोळ्याचा संदर्भ लक्षात घेऊन अभ्यासकांनी तो रांजणवाडी असा लावला. हा अर्थ महत्त्वाचा ठरतो, कारण रांजणवाडी बहुधा 'स्टॅफिलोकॉकस ऑरियस' या जीवाणूमुळे होते. अर्थ बदलला असता तर तपासणीसाठी जीवाणूही कदाचित दुसरा निवडावा लागला असता. दुसरा प्रश्न 'क्रॉपलेआक' या शब्दाचा. ही कांद्या-लसणाच्या कुळातील वनस्पती हे उघड आहे. पण ती कांदा, लीक नावाची लांब पातीची भाजी, की आणखी काही, हे शब्दावरून ठरत नाही. कॉकेन यांनी तो शब्द आधुनिक वळण देऊन जवळजवळ तसाच ठेवला होता. संपादकाच्या दृष्टीने ही सचोटीची वाट म्हटली पाहिजे, कारण न कळणारा शब्द सोपा करून टाकण्याचा मोह त्यांनी टाळला. तिसरा प्रश्न क्रियापदांचा. कुटावे, मिसळावे, ठेवावे, पिळावे. शिजवावे किंवा उकळावे असे कोठेही म्हटलेले नाही. वरवर वाचणाऱ्याला हा तपशील किरकोळ वाटतो. तो किरकोळ नाही, हे पुढे दिसेल.

वनस्पतींची परीक्षा कशी होते, याचा थोडा इतिहास येथे सांगणे आवश्यक आहे. पेनिसिलिनचा उपयोग सिद्ध झाल्यानंतर, म्हणजे १९४० नंतर, असेच काही हिरव्या वनस्पतींत मिळेल काय, असा शोध जोराने सुरू झाला. १९४३ साली ऑस्बर्न यांनी सुमारे २,३०० जातींच्या वनस्पतींचे रस तपासून त्यांतील ६३ प्रजातींत स्टॅफिलोकॉकस किंवा ई. कोलाय या जीवाणूंची वाढ रोखणारे द्रव्य आढळल्याचे प्रसिद्ध केले. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेत कॅव्हॅलिटो आणि बेली यांनी लसणातून ॲलिसिन हे जंतुनाशक द्रव्य वेगळे केले. ॲलिसिन लसणाच्या अखंड पाकळीत नसते. लसूण ठेचला की पेशी फुटतात, त्यांतले एक विकर दुसऱ्या द्रव्यावर क्रिया करते आणि ॲलिसिन तयार होते. पाकळी आधीच शिजवली तर ते विकर निकामी होते. म्हणजे 'चांगले कुटावे' ही सूचना रसायनशास्त्राच्या दृष्टीने कृतीचा प्राण आहे. स्वयंपाकघरात ठेचा वाटणाऱ्या हातांना वासावरून ही गोष्ट ठाऊक असते. तिचे नाव तेवढे १९४४ साली मिळाले.

अर्क तपासण्याची सर्वांत रुळलेली पद्धत अशी : काचेच्या उथळ बशीत अगार नावाच्या, समुद्री शेवाळापासून काढलेल्या घट्ट खळीवर जीवाणू पसरतात. अर्कात भिजवलेली कागदाची चकती त्यावर ठेवतात आणि बशी रात्रभर उबेत ठेवतात. अर्कात जीवाणूंना रोखणारे काही असेल आणि ते खळीत झिरपत गेले, तर चकतीभोवती स्वच्छ वलय दिसते. औषधाची चकती वापरून करण्याच्या या चाचणीला १९६६ साली किर्बी आणि बाउअर यांनी प्रमाणित रूप दिले. वलयाचा व्यास मोजायचा आणि माहीत असलेल्या प्रतिजैविकाच्या वलयाशी ताडून पाहायचा. पद्धत सोपी, स्वस्त आणि शिकवायला सोयीची आहे. तिची मर्यादाही तिच्या सोपेपणातच आहे. जे द्रव्य खळीत झिरपत नाही ते कितीही प्रभावी असले तरी वलय उमटवत नाही. शिवाय बशीतले जीवाणू आणि जखमेतले जीवाणू यांचे वागणे सारखे नसते. जखमेत ते चिकट आवरणात एकमेकांना धरून थर करून राहतात. या थराला बायोफिल्म म्हणतात. मोकळ्या जीवाणूंना सहज मारणारी औषधे या थरापुढे अनेकदा हतबल ठरतात.

बाल्डच्या अंजनाकडे पुन्हा वळू. १९९३ साली 'अँग्लो-सॅक्सन मेडिसिन' हे एम. एल. कॅमेरॉन यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. कॅमेरॉन हे जीवशास्त्राचे प्राध्यापक. पण जुन्या इंग्रजीचा त्यांनी अभ्यास केला होता. लसूण, कांदा, पित्त आणि पितळेतील तांबे यांचे गुण लक्षात घेता हे अंजन परिणामकारक असू शकेल, असा तर्क त्यांनी मांडला. हा तर्क वाचनावर उभा होता. प्रयोग झाला नव्हता. २००५ साली अमेरिकेत बार्बरा ब्रेनेसेल या जीवशास्त्राच्या प्राध्यापिका आणि मायकेल ड्राउट हे जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक यांनी सहकाऱ्यासह या परंपरेतील काही औषधे तपासली. त्यांना या अंजनात जंतुनाशक गुण आढळला नाही. विषय येथेच संपला असता आणि ज्यांनी आधीच हे सारे मोडीत काढले होते त्यांचे म्हणणे शिल्लक राहिले असते.

तो संपला नाही याचे श्रेय नॉटिंगहॅम विद्यापीठातील एका वाचनगटाला द्यावे लागते. फ्रेया हॅरिसन या तेथील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. अँग्लो-सॅक्सन काळाची त्यांना हौस होती, आणि त्या हौसेपोटी त्या जुनी इंग्रजी वाचणाऱ्या एका गटात जाऊ लागल्या. तेथे त्यांची गाठ क्रिस्टिना ली या अँग्लो-सॅक्सन साहित्याच्या अध्यापिकेशी पडली. ली यांनी पोथीतील मजकूर नव्याने भाषांतरित केला आणि हॅरिसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शब्दशः पाळायचे ठरवले.

हे शब्दशः पाळणे म्हणजे काय, ते पाहण्यासारखे आहे. 'क्रॉपलेआक'चा अर्थ निश्चित होत नव्हता, म्हणून त्यांनी एकच अर्थ गृहीत न धरता अंजनाचे दोन प्रकार केले : एक कांद्याचा, दुसरा लीकचा. पाठभेद आढळला की संपादक दोन्ही पाठ नोंदवतो. येथे दोन्ही पाठ शिजवले, नव्हे कुटले गेले. पितळेची भांडी निर्जंतुक करणे अवघड, म्हणून काचेच्या बाटल्यांत पितळेचे तुकडे टाकले. वाइन इंग्लंडमधील द्राक्षमळ्याची घेतली. मिश्रण नऊ दिवस ठेवले. त्याबरोबर तुलनेसाठी प्रत्येक घटक वेगवेगळा ठेवून तोही तपासला. परीक्षाही केवळ बशीतल्या वलयावर सोडली नाही. जखमेसारखी मऊ उती कृत्रिमरीत्या तयार करून तीत स्टॅफिलोकॉकसची वसाहत वाढवली आणि तिच्यावर अंजन घातले.

निकालाची अपेक्षा स्वतः संशोधकांनाही एवढी नव्हती. कृत्रिम जखमेत हजारात सुमारे एक जीवाणू जिवंत राहिला. अमेरिकेतील टेक्सासमधील सहकाऱ्यांनी उंदरांच्या जखमांतून घेतलेल्या उतीच्या तुकड्यांवर प्रयोग केला. त्या जखमांत नेहमीच्या औषधांना दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस होता आणि त्यातले सुमारे ९० टक्के जीवाणू मेले. घटक सुटेसुटे वापरले तर असा परिणाम मिळत नव्हता. मार्च २०१५ मध्ये बर्मिंगहॅम येथील सूक्ष्मजीवशास्त्राच्या परिषदेत ही माहिती मांडली गेली आणि त्याच वर्षी शोधनिबंध प्रसिद्ध झाला. वृत्तपत्रांनी त्यावर मोठमोठे मथळे दिले. मथळ्यांपेक्षा महत्त्वाचे काम पुढे झाले.

२०२० साली हॅरिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आता वॉरिक विद्यापीठातून, दुसरा निबंध प्रसिद्ध केला. प्रश्न असा होता : हा सारा प्रभाव लसणातील ॲलिसिनचाच तर नाही? तसे असेल तर पोथीतील उरलेला मजकूर फोलपट ठरतो आणि दाणा तेवढा लसणाचा. उत्तर दुहेरी आले. मोकळ्या अवस्थेतील जीवाणू मरतात ते लसणामुळे, हे खरे ठरले. पण जखमेसारख्या उतीत थर करून राहिलेल्या जीवाणूंवर एकटा लसूण काहीच करू शकला नाही. तेथे लसूण, कांदा, वाइन आणि पित्तातील क्षार हे सर्व एकत्र असतानाच पूर्ण परिणाम दिसला. स्टॅफिलोकॉकसच्या दोन जाती धरून पाच प्रकारच्या जीवाणूंच्या थरांवर हा परिणाम नोंदवला गेला. कोणत्याही एका घटकाला त्याचे श्रेय देता आले नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला हा निष्कर्ष ओळखीचा वाटला पाहिजे. कवितेचा 'सारांश' विद्यार्थ्यांनी लिहावा अशी अपेक्षा परीक्षापद्धतीने वर्षानुवर्षे ठेवली आहे, आणि सारांश लिहिला की कविता हातातून निसटते हे प्रत्येक अध्यापक जाणतो. वनस्पतीतून 'क्रियाशील द्रव्य' वेगळे काढणे ही विज्ञानाची अत्यंत फलदायी रीत आहे. क्विनिन, मॉर्फिन, ॲलिसिन तिनेच मिळाले. मात्र काही गोष्टी घटकांत नसून घटकांच्या संबंधांत असतात. पोथी कृती सांगते, द्रव्य सांगत नाही. कृतीचा पाठ बाजूला ठेवून द्रव्याचाच शोध घेतला, तर कृतीत जे होते ते सापडणार नाही.

याच्या उलट दिशेचेही एक उदाहरण आहे, आणि ते मांडल्याशिवाय हे विवेचन एकांगी राहील. १९६७ साली चीनमध्ये हिवतापावर औषध शोधण्याचा एक गुप्त प्रकल्प सुरू झाला. व्हिएतनामच्या युद्धात हिवतापाने सैनिक जायबंदी होत होते आणि हिवतापाचा परजीवी जुन्या औषधांना जुमानेनासा झाला होता. १९६९ साली या कामात आलेल्या युयू तू यांनी पारंपरिक चिनी वैद्यकातील दोन हजारांवर कृती गोळा केल्या. त्यांतून 'छिंगहाव' या वनस्पतीवर लक्ष केंद्रित झाले. तिच्या अर्काने पहिल्या तपासण्यांत आशा दाखवली, पण परिणाम स्थिर राहीना. तेव्हा तू पुन्हा ग्रंथांकडे वळल्या. चौथ्या शतकातील गे हाँग यांच्या, अडीअडचणीच्या वेळी हाताशी असावे अशा औषधांच्या पुस्तकात हिवतापावरची कृती होती : मूठभर छिंगहाव दोन मापे पाण्यात भिजवावा, पिळून रस काढावा आणि तो सगळा प्यावा. या मजकुरात उकळण्याचा उल्लेख नाही, ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली. चिनी औषधे बहुधा उकळून घेतात. प्रयोगशाळेतही अर्क उष्णतेने काढला जात होता. उष्णतेनेच गुण नाहीसा होत असेल काय? त्यांनी कमी तापमानाला उकळणारे ईथर वापरून अर्क काढला. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी तपासलेला १९१ क्रमांकाचा नमुना उंदरांच्या हिवतापावर पूर्णतः गुणकारी ठरला. १९७२ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तो आधी स्वतः घेऊन पाहिला. त्यातून आर्टेमिसिनिन हे द्रव्य मिळाले आणि २०१५ साली तू यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे अखेर एकच द्रव्य पुरेसे ठरले. बाल्डच्या अंजनात ते ठरले नाही. म्हणून 'अखंड कृतीच श्रेष्ठ' किंवा 'शुद्ध द्रव्यच श्रेष्ठ' असा सरसकट सिद्धान्त करणे योग्य नाही. दोन्ही उदाहरणांत समान आहे ते वाचन. एकीकडे क्रियापद पाळले गेले, दुसरीकडे नसलेले क्रियापद ध्यानात आले. मजकुरात काय लिहिले आहे याइतकेच काय लिहिलेले नाही, हेही वाचावे लागते. शिवाय छिंगहाव या नावाखाली चिनी परंपरेत एकाहून अधिक वनस्पती येत होत्या, आणि आर्टेमिसिनिन त्यांपैकी एकीतच, 'आर्टेमिसिया ॲनुआ'मध्ये, मिळाले. म्हणजे 'क्रॉपलेआक'सारखाच नावाचा प्रश्न येथेही होता.

हे दोन्ही प्रश्न, नावाचा आणि कृतीचा, आपल्या परंपरेतही तितक्याच ठळकपणे उभे आहेत. चरकसंहितेत औषध तयार करण्याचे पाच प्रकार सांगितले आहेत : स्वरस, कल्क, शृत, शीत आणि फांट. म्हणजे पिळलेला रस, वाटलेला गोळा, उकळून केलेला काढा, थंड पाण्यात रात्रभर भिजवून काढलेले पाणी आणि गरम पाण्यात मुरवून गाळलेले. याच परिभाषेत सांगायचे तर गे हाँगची कृती 'शृत' नव्हती, 'शीत' आणि 'स्वरस' यांच्या जवळची होती. ग्रंथकारांनी पाच वेगळी नावे दिली त्याअर्थी त्यांना हे पाच प्रकार एकच वाटत नव्हते. आज वनस्पतींची जंतुनाशक परीक्षा करताना पुष्कळदा पाला वाळवून त्याची पूड करतात आणि मिथेनॉल किंवा इथेनॉल यांत भिजवून अर्क काढतात. वनस्पतीत काय काय आहे हे पाहण्यासाठी ही रीत योग्यच आहे. पण अशा अर्काने वलय उमटवले म्हणून ग्रंथातील काढा सिद्ध होत नाही आणि उमटवले नाही म्हणून तो खोटाही ठरत नाही, कारण ग्रंथातील कृती तपासलीच गेलेली नसते.

नावांची गोष्ट त्याहून नाजूक आहे. ब्राह्मी म्हणून एके ठिकाणी पाणथळ जागी वाढणारी मांसल पानांची वनस्पती देतात, तर दुसरीकडे मंडूकपर्णी, म्हणजे आपल्याकडे कोकणात कारिवणा म्हणतात ती, देतात. शंखपुष्पी या नावावर निरनिराळ्या प्रदेशांत निदान तीन-चार वनस्पती हक्क सांगतात. या नावांचा निवाडा निव्वळ सूक्ष्मदर्शकाखाली होण्यासारखा नाही. कोणत्या शतकात, कोणत्या प्रदेशात, कोणत्या निघंटूकाराने कोणत्या वनस्पतीला हे नाव दिले, हे शोधण्यासाठी पोथ्या ताडून पाहाव्या लागतात. हे काम कोणाचे? एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून पाठशुद्धी केली, आणि विसाव्या शतकात पुण्याच्या भांडारकर संस्थेत सुकथनकरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी हस्तलिखितांची कुळे लावली. ही शिस्त आपल्या घरची आहे. एम. ए.च्या वर्गात पाठचिकित्सा शिकवताना विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर जो प्रश्न उमटतो, याचा उपयोग काय, त्याला देण्यासारखे एक उत्तर येथे सापडते. ज्या महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राचा आणि मराठीचा विभाग एकाच इमारतीत असूनही एकमेकांच्या दाराशी कधी जात नाहीत, त्या महाविद्यालयात तर हे उत्तर अधिकच मोलाचे आहे.

येथे दोन मोहांपासून सावध राहिले पाहिजे. पहिला मोह अभिमानाचा. एका जुन्या पोथीतील एक औषध परीक्षेला उतरले म्हणजे पोथीतील सर्व औषधे खरी, असे म्हणण्याकडे मन धावते. बाल्डच्या पुस्तकात इतर कितीतरी उपाय आहेत. त्या सर्वांची बाजू या अंजनाने घेतलेली नाही. शिवाय उंदराच्या उतीवरील यश म्हणजे माणसाच्या डोळ्यावरील यश नव्हे. या दोहोंमध्ये विषारीपणाच्या, मात्रेच्या, टिकाऊपणाच्या आणि रुग्णांवरील तुलनात्मक चाचण्यांच्या अनेक पायऱ्या आहेत. घरी लसूण आणि पित्त कुटून कोणी डोळ्यात घातले तर डोळा गमावण्याचीच शक्यता अधिक. दुसरा मोह तुच्छतेचा. ग्रंथात मंत्र आहे म्हणून त्याच पानावरचे निरीक्षणही त्याज्य मानणे हा त्याचा प्रकार. ज्याने ते अंजन प्रथम केले, त्याला जीवाणू माहीत नव्हते. तरी कुटणे, ठेवणे, गाळणे यांचा क्रम त्याने किंवा त्याच्या आधीच्या पिढ्यांनी काहीतरी पाहूनच बसवला असणे संभवते. हे संभवते एवढेच वाचक म्हणू शकतो. ते खरे आहे की नाही, हे परीक्षा सांगते. वाचनाने परीक्षेची जागा घेऊ नये आणि परीक्षेने वाचन टाळू नये.

हा प्रश्न निव्वळ विद्वत्तेचा नाही. औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंच्या संसर्गाने थेट ओढवलेल्या मृत्यूंची जगभरातील संख्या २०१९ या एका वर्षात १२.७ लाखांच्या घरात असल्याचा अंदाज 'लॅन्सेट' या नियतकालिकात २०२२ साली प्रसिद्ध झाला. पेनिसिलिनने जखमी सैनिकांना वाचवले त्याला अजून शतकही उलटलेले नाही. तरीही साध्या जखमेची, बाळंतपणाची, शस्त्रक्रियेची धास्ती पुन्हा वाटावी अशी अवस्था येऊ घातली आहे. अशा वेळी नव्या औषधाचा धागा कोठून मिळेल हे आधी सांगता येत नाही. तो मातीत मिळेल, समुद्रात मिळेल, तसाच एखाद्या बासनात बांधलेल्या पोथीतही मिळेल. पण पोथीत तो असलाच तर शब्दाच्या रूपाने आहे, आणि तो शब्द अचूक वाचणारा माणूस असल्याशिवाय प्रयोगशाळेच्या टेबलापर्यंत पोहोचणार नाही.

नॉटिंगहॅमच्या त्या कामानंतर तेथेच एक पुढचे पाऊल पडले. मध्ययुगीन वैद्यकाच्या अभ्यासक एरिन कॉनेली यांनी पंधराव्या शतकातील एका इंग्रजी वैद्यकग्रंथातील शेकडो कृतींमधली घटकद्रव्ये एकत्र नोंदवली. कोणते घटक वारंवार जोडीने येतात याचे गणिती जाळे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले आणि २०२० साली ते प्रसिद्ध केले. अशा जोड्यांमधून पुढे काय तपासावे याचा अंदाज येतो. हे काम संगणकाने केले असले तरी त्याच्या आधी प्रत्येक कृतीतील प्रत्येक शब्दाचा अर्थ माणसाने लावलेला होता. आपल्याकडील ग्रंथभांडारांत आणि घराघरांत मोडी व बाळबोध लिपीतील वैद्यकाची बाडे आहेत. त्यांत लिहिलेले सारे उपयोगी असेल अशी आमची समजूत नाही. पण ते उपयोगी नाही असे म्हणण्यासाठीही ते आधी वाचावे लागेल, आणि मोडी वाचू शकणारे विद्यार्थी घडवणे हे काम सूक्ष्मजीवशास्त्राच्या विभागाचे नाही.